गॅदरिंग नेमकं कुणाचं?

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या गावातल्या ड्रेपरीवाल्याच्या दुकानासमोर बायकांची गर्दी सुरू होते. आत दोरीवर कोळणीची लुगडी, मावळ्यांचे अंगरखे, परीचे पंख आणि हल्ली सांताक्लॉजचे लाल झगेही एकाला एक लागून लटकलेले असतात. कुणाच्या हातात शाळेची चिठ्ठी, तर कुणाच्या मोबाइलवर आलेला बाईंचा निरोप. "दादा, आठ वर्षांच्या मुलाला बसेल असा पिवळा फेटा आहे का?" "पिवळे संपले ताई, केशरी घ्या." "अहो केशरी नाही चालत, बाईंनी पिवळाच सांगितलाय!" दिवसभर हेच. आणि गंमत बघा, या गर्दीत बापमंडळी एखाद-दुसरीच. तेही बहुतेक गाडीवर बसून, बाहेर, "झालं का गं?" विचारायला.

आपल्या लहानपणी नाताळ म्हणजे पंचवीस डिसेंबरची एक दिवसाची सुट्टी. शाळेचं पहिलं सत्र दिवाळीला संपायचं, मोठी सुट्टी तेव्हाच मिळायची. आता तालुक्याच्या गावातही इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणी नाताळ ते नवीन वर्ष अशी आठवडाभर सुट्टी देतात. मग त्या सुट्टीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत सगळं कोंबायचं. क्रीडादिन, गॅदरिंग, बक्षीस समारंभ, आनंदमेळा, वर्गातली पार्टी, एक दिवस लाल कपडे घालून यायचं. मराठी शाळांची स्नेहसंमेलनंही साधारण याच हंगामात येतात. ते बरोबरच आहे म्हणा. पाऊस संपलेला, मैदान कोरडं, वार्षिक परीक्षा लांब. शिवाय 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, 22 ला रामानुजन यांच्या जन्मदिवसाचा गणित दिवस, 24 ला साने गुरुजींची जयंती, मग लगेच 3 जानेवारीला सावित्रीबाईंची. भाषण कुणी द्यायचं आणि वेशभूषा कुणी करायची, यातच डिसेंबर संपतो.

मला स्वतःला गॅदरिंग मनापासून आवडतं, हे आधी सांगते. नाहीतर वाटेल, ही बाई निघाली तक्रार करायला. वर्षभर बाकावर गप्प बसणारं एखादं पोर माइकसमोर खणखणीत बोलून जातं, तेव्हा बाईसुद्धा चकित होतात. पाठांतराला कच्ची असलेली मुलगी लेझीम असं धरते की बघत राहावं. लिंबू-चमच्यात, पोत्याच्या शर्यतीत, संगीत खुर्चीत मुलांचे खरे स्वभाव कळतात. परीक्षेच्या गुणपत्रिकेत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून तर हे दिवस महत्त्वाचे. आणि म्हणूनच ते कुणाला मिळतात आणि कुणाला नाही, हे विचारायला हवं.

आधी खर्चाचं बोलू. माझी थोरली चौथीत, धाकटा पहिलीत. गेल्या डिसेंबरचा हिशेब मी वहीत मांडून ठेवला होता. दोघांच्या ड्रेपरीचं भाडं, वर डिपॉझिट, नाचाच्या मास्तरांची वर्गणी, वर्गाच्या पार्टीसाठी प्रत्येकी एक पदार्थ, आणि ‘सीक्रेट सांता’ म्हणून एकमेकांना द्यायची भेटवस्तू. धाकट्याला झाड व्हायचं होतं. झाड! पाच मिनिटं मागे उभं राहायचं, तर त्याला हिरवा टी-शर्ट, हिरवी पँट, पुठ्ठ्याची पानं. सगळं मिळून दोन हजारांच्या पुढे गेलं. आमच्याकडे दोन पगार आहेत, निभावलं. पण ज्या घरात महिन्याचा किराणा तेवढ्यात बसवतात, तिथे काय होत असेल?

पैशांचं तरी वहीत लिहिता येतं. बाईचा वेळ कुठे लिहायचा? रात्री आठला निरोप येतो, "उद्या चमकी, कापूस, थर्मोकोलचे गोळे आणि लाल कागद पाठवावा." स्टेशनरीचं दुकान साडेआठला बंद. पोळ्यांची कणीक तशीच टाकून बाई चपला सरकवून धावते. परत येऊन स्वयंपाक, मग पुठ्ठा कापणं, मग बारा वाजेपर्यंत डिंकाने चिकटलेली बोटं. मूल केव्हाच झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात त्या वस्तूला पहिलं बक्षीस मिळतं आणि खाली नाव असतं मुलाचं. खरं म्हणजे ते आईच्या हस्तकलेचं प्रदर्शन! ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वाकडंतिकडं घर केलेलं असतं, ते मागच्या टेबलावर. यात ना मुलाचा फायदा, ना आईचा.

शाळेतल्या बाईंनाही मी सरसकट दोष देणार नाही. त्या आपल्यातल्याच आहेत. लहान गावातल्या खासगी शाळांतले पगार काय असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दिवसभर शिकवायचं, दुपारी चाळीस पोरांची प्रॅक्टिस घ्यायची, संध्याकाळी पालकांचे फोन घ्यायचे, आणि घरी गेल्यावर त्यांच्याही मुलाच्या शाळेची चिठ्ठी वाट बघत असते. गॅदरिंग दणक्यात झालं नाही तर संस्थाचालक बोलतात, कारण पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची जाहिरात त्याच व्हिडिओंतून व्हायची असते. खरी गोम तिथे आहे. मुलांचा कार्यक्रम म्हणता म्हणता तो शाळेचा ‘शो’ झाला. एकदा शो म्हटला की मग चांगली नाचणारी, उंचीला सारखी, दिसायला गोरीगोमटी मुलं निवडायची, बाकीच्यांनी खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायच्या.

आमच्या गल्लीतली एक मुलगी माझ्या थोरलीच्याच वर्गात आहे. वडील टेम्पो चालवतात, आई दोन घरची धुणीभांडी करून शिवणकाम करते. पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून तिला त्या शाळेत प्रवेश मिळाला, तेव्हा आख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. गेल्या वर्षी वर्गाचं कोळीनृत्य बसलं. ज्यांनी नाचाची वर्गणी आणि ड्रेपरीचे पैसे भरले, ती मुलं नाचात. हिच्या आईला ते जमलं नाही. त्यानंतर तीन आठवडे रोज दुपारी प्रॅक्टिसच्या तासाला ही पोरगी वर्गात चित्रं रंगवत बसायची. खिडकीतून दिसायचं सगळं. एकदा संध्याकाळी मी दळण घेऊन येत होते, तर अंगणात ती एकटीच नाचत होती. पहिल्या पावलापासून शेवटच्या गिरकीपर्यंत सगळा नाच तिला पाठ होता. माझी मुलगी प्रॅक्टिस करूनही तिसऱ्या कडव्यात अडखळायची, ही न अडखळता नाचत होती.

तिच्या आईला मी म्हटलं, "अगं, मला सांगायचं नाहीस का?" तर ती म्हणाली, "जाऊ द्या हो वहिनी, तिलाच आवड नाही तसली." मुलगी तिथेच उभी होती. काही बोलली नाही, पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. गॅदरिंगच्या दिवशी तिला ताप आला म्हणून ती शाळेत गेली नाही. ताप होता की नव्हता, मी विचारलं नाही.

मैत्रिणींनो, यात लाजायचं त्या आईने की शाळेने? बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातल्या बाराव्या कलमाने विनाअनुदानित खासगी शाळांना सुरुवातीच्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. हे आता बहुतेकींना माहीत असतं, कारण दरवर्षी ऑनलाइन अर्जांची धावपळ आपण बघतो. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही. 2010 च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट लिहिलंय की या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, आणि पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, खेळ, अभ्यासेतर उपक्रम यांत इतरांपेक्षा वेगळी वागणूक द्यायची नाही. अभ्यासेतर उपक्रम म्हणजे काय? त्यात गॅदरिंगही आलंच की. वर्गात शेजारी बसवायचं आणि स्टेजवर मात्र पैशांप्रमाणे चढवायचं, हे त्या नियमात बसत नाही.

आणि हा प्रश्न फक्त कोट्यातल्या मुलांचा नाही. पूर्ण फी भरणाऱ्या घरांतही तंगी असते, ती दिसत नाही एवढंच. जाड आहे म्हणून, बोबडं बोलतं म्हणून, पायाने अधू आहे म्हणून मागे ठेवलेली मुलं कमी नाहीत. सात-आठ वर्षांच्या वयात एकदा "तू नको" ऐकलं की ते फार खोल जातं. चाळिशीच्या बायका अजून सांगतात, "मला शाळेत नाचात घेतलं नव्हतं." भिशीच्या दिवशी विषय काढून बघा, निम्म्या जणी तरी बोलतील.

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून सव्वीस मुलं. तिथे निवड वगैरे भानगडच नाही, सव्वीसच्या सव्वीस स्टेजवर. स्टेज म्हणजे ट्रॉलीच्या फळ्या आणि मागे कुणाच्या तरी लग्नातला पडदा. कपडे घरातलेच. आजीचं लुगडं, बापाचा फेटा, काकाची टोपी. कार्यक्रम चालू असताना गावकरी उठून बक्षीस देतात आणि माइकवरून पुकारा होतो, अमक्यांकडून दहा रुपये, तमक्यांकडून एकावन्न. त्या पैशांतून दोन वर्षांपूर्वी शाळेला साउंड सिस्टीम आली. एक मुलगा ऐन नाचात आईला बघून हात हलवत बसला, दुसरा उलट्या बाजूला वळला, आख्खं गाव हसलं. मुलंही हसली. तिथे फेटा पिवळा की केशरी हे कुणी विचारलं नाही. मोठ्या शाळांना सव्वीस मुलांसारखं जमणार नाही, मान्य. चारशे-पाचशे मुलं असतात. पण एकेका वर्गाने मिळून एक समूहगीत, एक कवायत, एक लेझीम केली तर कुणी बाहेर राहत नाही. दोन दिवस कार्यक्रम ठेवा, एक दिवस पहिली-दुसरीचा, दुसरा तिसरी-चौथीचा. दुपारी ठेवा.

दुपारी म्हणते त्याला कारण आहे. संध्याकाळी सहाचा कार्यक्रम प्रमुख पाहुणे येईपर्यंत साडेसातला सुरू होतो. सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं. तोवर पहिलीची पोरं मेकअप करून थंडीत बसलेली. एकाच स्पंजने चाळीस चेहरे रंगवलेले, कुणाला खाज सुटलेली, कुणी पेंगतंय. बरं, ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी शाळाच साडेदहापर्यंत मैदानावर डीजे वाजवते, आणि शेजारी कुणी आजारी असेल तर तो कान झाकून घेतो. गाण्यांबद्दल तर काय बोलावं! सहा-सात वर्षांच्या मुलींना कसल्या गाण्यांवर कंबर हलवायला लावतात, हे बघून खाली बसलेल्या आयांच्याच माना खाली जातात. तरी मोबाइल वर करून शूटिंग करायचं आणि ते सगळीकडे पाठवायचं. आपल्या मराठीत बालगीतं कमी आहेत का?

आता नाताळचं. काही घरांत कुरकुर असते, "आपल्या मुलांना कशाला सांता बनवायचं?" मला ती कुरकुर पटत नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन इतका मुरलाय की तो परका वाटत नाही. वसईत, अहिल्यानगरकडे, मिरजेत पिढ्यान् पिढ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबं राहतात. नारायण वामन टिळकांनी मराठीतून किती भजनं लिहिली, आणि लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्यापैकी कितीतरी जणींनी वाचलेलं. आमच्या मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती ताई राहतात. नाताळात त्यांच्याकडून करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या येतात, आपल्या दिवाळीसारख्याच, आणि सोबत केक. त्या एकदा म्हणाल्या, "शाळेत सगळे सांता होतात हो, पण गव्हाणीतल्या बाळाचं कुणी विचारत नाही." किती खरं! सेंट निकोलस हा चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. गरिबांना गुपचूप मदत करणारा म्हणून त्याच्या कथा सांगितल्या जातात, आणि सांताक्लॉज त्याच्यावरून आला. त्याच्या नावाने आपण काय करतो? ज्याला परवडेल त्याने लाल झगा भाड्याने आणायचा आणि शंभर रुपयांची भेट परत शंभर रुपयांच्याच भेटीशी बदलायची. त्यापेक्षा त्या ताईंना वर्गात बोलवावं, गव्हाणी कशी सजवतात ते मुलांना करू द्यावं. माती, गवत, पुठ्ठा, सगळं फुकट.

हे सगळं आपण घरी बोलतो, फाटकाशी उभं राहून बोलतो, सभेत मात्र गप्प बसतो. का? "आपल्या मुलावर राग काढतील." ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने बोलू नये. खासगी शाळांसाठी महाराष्ट्रात 2011 चा शुल्क विनियमनाचा कायदा आहे. त्यात प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असायलाच हवा. त्याच्या कार्यकारी समितीत निम्म्या जागा बायकांच्या, आणि फी ठरवताना त्या समितीला विचारावं लागतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. खुर्ची आपली आहे, पण बऱ्याच ठिकाणी नाव बाईचं असतं आणि सही नवरा करून येतो. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे, हे एकदा विचारून घ्या. पावती काढून बघा, त्यावर ‘सत्र शुल्क’ म्हणून रक्कम असेल तर ती कशावर खर्च होते, हेही सभेत विचारा. भांडायला जायचं नाही, नुसतं विचारायचं.

आम्ही यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सभेत अकरा जणी एकत्र गेलो. आधी एकीच्या ओट्यावर बसून चहा घेतला आणि काय काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. मुख्याध्यापिका बाई सुरुवातीला जरा ताठल्या. "मॅडम, पालकांनाच मोठा कार्यक्रम हवा असतो," म्हणाल्या. ते काही अगदीच खोटं नाही. मागच्या बाकावरच्या एक वहिनी लगेच म्हणाल्या, "आम्हाला आमचं पोर दिसायला हवं, बाकी काही नको." त्यावर सगळ्याच हसल्या आणि मग बोलणं सोपं झालं. वर्गशिक्षिका बाई तर चक्क आमच्या बाजूने बोलल्या. त्यांनाही रोजच्या ड्रेपरीच्या फोनांचा कंटाळा आला होता.

सगळं मान्य झालं असं नाही. सत्र शुल्काचा हिशेब "पुढच्या बैठकीत बघू" वर गेलाय, तो आम्ही सोडणार नाही. डीजे राहिला, पण साडेनऊला बंद होईल असं म्हणाल्या. बाहेरचे नाचाचे मास्तर यंदा नाहीत, बाईच बसवताहेत. कुणाकडूनही नाचाची वर्गणी घ्यायची नाही, वर्गातलं प्रत्येक मूल एकदा तरी स्टेजवर येईल, आणि कपडे घरात असतील ते, एवढं मात्र ठरलं. ड्रेपरीवाले दादा माझ्यावर थोडे नाराज आहेत. परवा बाजारात दिसले तर म्हणाले, "ताई, आमच्या पोटावर पाय दिलात की!" त्यांचंही पोट आहेच. मी म्हटलं, लग्नसराई येतेय, फेटे तेव्हा लागतीलच.

चौथीचं कोळीनृत्य परत आहे, यंदा बेचाळीस मुलांचं. गल्लीतल्या त्या मुलीला दुसऱ्या रांगेत उभं केलंय, आणि माझी थोरली तिच्याकडून तिसरं कडवं शिकतेय. रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर दोघींचा धुमाकूळ असतो. तिच्या आजीचं हिरवं लुगडं पेटीतून निघालंय. पोरीला ते दुप्पट मोठं होतं, पण तिची आई म्हणाली, चार ठिकाणी टाचलं की बसेल. सेफ्टी पिना मी आणून ठेवल्यात.